शनिवारचं वजन

डब्याच्या झाकणाने टक् केलं आणि पाच मिनिटं तोंड शिवून उभे असलेले आम्ही तिघं मोकळे झालो. तोवर बोलायची बंदी होती. बोललं की हवा हलते, हवा हलली की डबा हलतो आणि डबा हलला की काटा खोटं सांगतो, असं मुंगीचं म्हणणं. डबा कचऱ्याचा. तो हुकाच्या वजनकाट्याला टांगून माझा नवरा हात ताठ करून उभा होता, आणि आमची साडेसहा वर्षांची लेक मुंगी काट्याला नाक टेकवून.

"सहाशे चाळीस," तिने जाहीर केलं. "मागच्या शनिवारपेक्षा सत्तर कमी."

"सत्तर म्हणजे साधारण काय गं?" बाबाने खांदा चोळत विचारलं. "एक बटाटा?"

"बटाट्याची सालं. आपण आता सालं खातो ना."

"खातो तर. काल रात्री पोटात माझ्या तीच बोलत होती."

"बाबा, थट्टा नको. आत्या म्हणते, थट्टा पण कचराच असते."

खरं वजन चार वाजता, खाली, सगळ्या इमारतीसमोर व्हायचं होतं. ही घरची तालीम. आज काटा वाचायचा मान मुंगीचा होता, म्हणून ती सकाळपासून आकडे घोकत होती आणि आम्ही दोघं तिच्या तालावर नाचत होतो.

आत्या म्हणजे माझी थोरली नणंद. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, ती पाचव्यावर. म्हणजे डोक्यावर बसलीय हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. सहा महिन्यांपूर्वी तिने इमारतीत 'हलकं घर मंडळ' काढलं. त्याआधी दोन वर्षं ती लोकांना मौन शिकवायची. ते बंद पडलं, कारण तिलाच झेपेना.

मंडळाचा नेम असा: दर शनिवारी चार वाजता प्रत्येक घराने आपला आठवड्याचा कचरा खाली आणायचा. जिन्याच्या कठड्याला काटा टांगलेला. वजन खडूने फळ्यावर. ज्याचं घर सगळ्यात हलकं त्याला आठवडाभर सांभाळायला एक रोप. ते रोप आजवर तीनदा मेलंय आणि तीनदा गुपचूप बदललं गेलंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच बोलत नाही. शिवाय शनिवारी लिफ्ट बंद. दारावर पाटी: 'आज लिफ्टची विश्रांती.' माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर गावच्या लिफ्ट वरखाली करणारा माणूस शनिवारी भाजीची पिशवी घेऊन चार मजले चढतो आणि वर पोचला की म्हणतो, "बहिणीने पोटावर पाय दिला तो दिला, वर गुडघ्यावरही दिला."

आणि इमारत हलकी झाली हो. फळ्यावरचे आकडे दर आठवड्याला उतरत होते. त्याच बेताने कोपऱ्यावरची कचराकुंडी ओसंडायला लागली. दुसऱ्या मजल्यावरचे नळवाले काका तेवढे उघड बोलायचे. "मी माझा कचरा रोज कामावर घेऊन जातो. ज्याचा नळ गळतो त्याच्याच डब्यात. तोही खूश, मीही हलका." बाकीचे तेच करायचे आणि आकाशाकडे बघायचे.

मी यातली नव्हते. म्हणजे डबा न्यायचे, ओळीत उभी राहायचे, आकडा आला की मान डोलवायचे. पण आतून मी जिन्यावर बसून नाटक बघणाऱ्यासारखी. घरी येऊन नवऱ्याला नणंदेच्या नकला करून दाखवायचे. तो हसायचा आणि मग म्हणायचा, "पुरे गं, बहीण आहे माझी." तेवढं हसणं मला आठवडाभर पुरायचं.

त्यात माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी सात ते दुपारी दोन, प्लास्टरचे साचे, मेणाच्या हिरड्या, कवळ्या घासणं. चार वर्षांपूर्वी नणंदेचा वरचा पुढचा दात मोडला, आणि तात्पुरता म्हणून जो बसवला तो मी बनवलेला. तात्पुरता अजून तसाच आहे. "कशाचा गं?" तिने तेव्हा विचारलं होतं. "दातासारख्याच वस्तूचा," मी म्हटलं. तो निव्वळ प्लॅस्टिकचा आहे. दर शनिवारी ती प्लॅस्टिकच्या विरुद्ध जे जे बोलते ते माझ्या हातच्या प्लॅस्टिकवरून घसरत येतं, आणि मी मान डोलवत त्या दाताची झळाळी बघत उभी असते. छान उतरला होता दात.

पण मुंगीचं तसं नव्हतं. ती सगळं खरं मानायची. तिला मुंगी म्हणतो कारण बाळ असताना ती रांगायची तीसुद्धा भिंतीकडेने, सरळ रेषेत, आणि वाटेत सापडेल ते उचलून घरात कुठेतरी साठवायची. जन्मली तीच नाजूक छाती घेऊन. थंडी पडली, धूळ उडाली, फार हसली की छाती वाजायला लागायची; कान लावला तर लांब कुणीतरी बारीक शिट्टी वाजवतंय असं वाटायचं. दोन हिवाळे आम्ही दवाखान्यात काढले. मग डॉक्टरबाईंनी रोजचा पंप सुरू केला, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, आणि आणीबाणीचा निळा पंप वेगळा. निळा दाराजवळच्या खिळ्याला कापडी पिशवीत टांगलेला असतो. गेलं वर्षभर ती पळते, उड्या मारते, आणि मी शिट्टी विसरायला लागले होते. डॉक्टरबाई दर खेपेला बजावतात, "बरी दिसते ती पंपामुळे बरी दिसते. सोडायचा नाही." सोडायचा नाही हे मला झोपेतून उठवलं तरी पाठ.

सहा वर्षं पूर्ण झाल्यावर मुंगीने जाहीर केलं की पंप ती आपला आपण घेणार, मोरीचं दार लावून. चार दिवस मी फटीतून पाहिलं. पंपाला श्वास ओढायचं नळकांड लावते, दाबते, दहा आकडे मोजते. बरोबर घेत होती. मग आम्ही बाहेरून ऐकायला लागलो. सकाळी मी निघून गेलेली असते, तेव्हा तिचा बाबा ऐकायचा, संध्याकाळी मी. फुस्स. दहापर्यंत मोजणी. फुस्स. पुन्हा मोजणी. की मी भाजी परतायला मोकळी.

आता झाडाचं सांगते. मंडळाने खालच्या भिंतीवर पुठ्ठ्याचं मोठं झाड लावलंय. मुलांनी एकेक गोष्ट सोडायची आणि कागदाच्या हिरव्या पानावर लिहून त्या झाडाला चिकटवायची. कागद वाचवा असं सांगणाऱ्या झाडाला दीडशे पानं. सोडलेली वस्तू आत्याच्या पेटीत जमा. पानावर पालकाची सही. दहा पानं झाली की मूल 'रक्षक' होतं आणि शनिवारी काटा वाचतं. मुंगीची नऊ झाली होती: फुगे, स्ट्रॉ, चकचकीत स्टिकर, बाहुली (हिच्यासाठी ती दोन दिवस रडली, पण सोडली), चमकीचे बूट, आणि असंच. घरात सोडायला काही उरलं नव्हतं आणि दहावं पान हवं होतं.

मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी मी टेबलाशी घरी आणलेली मेणाची हिरडी नीट करत बसले होते. दुपारची ती वेळ माझी. मुंगी बाहेर खेळते आणि मला दीड तास कुणी आई म्हणत नाही. तेवढ्यात ती पान घेऊन आली. "सही कर."

पानावर नणंदेच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं: 'मी फुस्स सोडलं.'

मला हसू फुटलं. मला माहीत होतं हे कुठून आलं. रविवारी नणंदेने मुलांना गोळा करून सांगितलं होतं की फुस्स करणारी प्रत्येक गोष्ट आकाशाला इजा करते. डासांचा फवारा, सेंटची बाटली, केसांचा स्प्रे. आमच्या घरी झुरळं मारायच्या फवाऱ्याचा एक डबा होता. मला वाटलं तोच.

"सोड बाई," मी म्हटलं. "झुरळांना कळव फक्त."

"आई, खरंच सोडू?"

"सोड म्हटलं ना."

मेणाच्या हाताने सही केली. कोपऱ्यावर बोटाचा डाग पडला. ती थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. संध्याकाळी नवऱ्याला पानाची गोष्ट सांगितली तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि आत मोरीतून फुस्स ऐकू आलं, आणि त्याने आणखीच हसू आलं.

तर त्या शनिवारी चार वाजता आम्ही खाली गेलो. बाहेर कोरडी थंडी होती आणि कुणीतरी समोरचा रस्ता उकरून ठेवला होता. दारातून धूळ येत होती. कठड्याला काटा, शेजारी फळा, फळ्याशी नणंद. मुंगी स्टुलावर. गळ्यात दोरीला बांधलेला, 'रक्षक' लिहिलेला लाकडी बिल्ला. इतकी ताठ उभी होती की मला हसूही आलं आणि अभिमानही वाटला.

"हलकं घर म्हणजे काय?" नणंदेने सुरुवात केली. "जे घर घेतं कमी आणि देतं जास्त."

"मग माझं घर हलकंच," नळवाले काका मागून म्हणाले. "सगळं देऊनच येतो मी, सकाळी कामावर जाताना."

लोक हसले. नणंदेने त्यांच्याकडे न बघता खडू उचलला. "रक्षक, पहिला डबा."

मुंगीने वाचलं. पाचशे दहा. दुसरा, आठशे. आवाज खणखणीत. तिसऱ्याला ती खोकली. मी मान वर केली, पण तेवढ्यात नळवाल्या काकांचा डबा काट्याला लागला. आत चहाचा एक चोथा आणि एक काडी, बस्स. काका छातीवर हात ठेवून उभे, जणू संतच. मला हसू आवरेना. मी नवऱ्याला कोपर मारलं.

"तीस," मुंगी म्हणाली. थांबली. "ग्रॅम."

पाचव्या डब्याला तिने आकडा दोन श्वासांत सांगितला. सहाव्याला तीन. मी पुढे झाले. "ताई, तिला खाली उतरू दे. धूळ लागतेय."

"दोनच राहिलेत," नणंद म्हणाली. "रक्षकाने काम अर्धं सोडलं तर बाकीच्यांनी काय बघायचं?"

"मी वाचते आई," मुंगी म्हणाली. खांदे वर जात होते. मी पाहिलं. मी पाहिलं आणि मला वाटलं, सगळ्यांसमोर स्टुलावरून उतरवली तर रडेल. दोन डबे, दोन मिनिटं. मला त्या दोन मिनिटांबद्दल कुणी काही विचारलेलं नाही. मीच विचारते.

दोन झाले. आमचा डबा सहाशे चाळीसच भरला. टाळ्या. तिने डबा स्वतः उचलला आणि जिना चढायला लागली. नवरा खाली स्टूल उचलायला थांबला. मी मागोमाग. दुसऱ्या मजल्यापर्यंत ती बोलत होती. तिसऱ्याच्या वळणावर डबा खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे. गळ्याच्या तळाशी खळगा आत जात होता, बाहेर येत होता, आत जात होता. ओठांभोवती रंग नव्हता.

मी ओरडून नवऱ्याला हाक मारली आणि वर धावले. दार, खिळा, पिशवी. पिशवी हाताला जड लागली म्हणून बरं वाटलं. नळकांड उचललं, तशीच खाली धावले, तिच्यासमोर गुडघ्यावर बसून पिशवी उलटी केली. आतून एक गोटा पडला. नदीतला असतो तसा गुळगुळीत, पंपाएवढाच. पिशवी रिकामी दिसू नये म्हणून ठेवलेला.

"पंप कुठाय?"

तिने मान हलवली.

"मुंगे, पंप कुठाय?"

"आत्याच्या," ती म्हणाली, आणि श्वास घेतला, "पेटीत."

पेटी पाचव्यावर, नणंदेच्या बंद घरात. किल्ल्या नणंदेच्या कमरेला. नणंद खाली. नवरा माझ्यापर्यंत पोचला होता. त्याने ऐकलं आणि उलटा वळला. मला खालून त्याचा आवाज आला, "ताई, चल आत," आणि तिचा, "अरे पण शनिवार," आणि मग लिफ्टच्या डब्यात त्याची कामावरची लांब किल्ली फिरल्याचा आवाज. विश्रांतीची पाटी खाली पडली. तिसऱ्याला दार उघडलं. त्याने मुंगीला उचलून घेतलं, मी नळकांड घेऊन आत शिरले, आणि आम्ही चौघं वर निघालो. नणंद किल्ल्या चाळत होती आणि तिला हवी ती सापडत नव्हती. मला ते दिसलं, आणि दिसूनही मला तिची दया आली नाही.

पेटी खिडकीखाली. पत्र्याची. मी ती उपडी केली. फुगे, स्ट्रॉ, सेंटच्या बाटल्या, एक रोबो, मुंगीची बाहुली, आणि बाहुलीखाली निळा पंप. हलवला, लावला, दाबला. "घे. हळू. पुन्हा घे." चार वेळा. मग थांबायचं. थांबणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. पुन्हा चार. पाचेक मिनिटांनी खळगा उथळ झाला. ती म्हणाली, "आई, बाहुलीचा पाय वाकला."

तेव्हा मी जमिनीवर बसले.

दवाखाना मागच्या गल्लीत आहे. डॉक्टरबाईंनी मास्क लावून वाफ दिली, पाठीला नळी लावून ऐकलं, आणि आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. रोजचा पंप नवऱ्याने घरून आणला होता. मोरीतल्या फळीवर जागच्या जागी होता. त्यांनी तो उलटा करून मागचा छोटा आकडा पाहिला.

"शहाण्णव," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यातल्या सोमवारी दुपारी तुम्ही आला होता तेव्हा मी शंभर लिहिले होते. त्या संध्याकाळचे दोन, मंगळवारी सकाळचे दोन. त्यानंतर एकही नाही. अकरा दिवस."

"असं कसं?" नवरा म्हणाला. "मी रोज ऐकायचो. दाराबाहेर उभा राहून."

"मीपण," मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी मुंगीचा मास्क जरा बाजूला केला. "काय ऐकायचे गं हे?"

मुंगीने आमच्याकडे पाहिलं. मग खालचा ओठ दातांखाली धरला आणि केलं: फुस्स. इतकं हुबेहूब की नवऱ्याने डॉक्टरबाईंच्या हातातल्या पंपाकडे पाहिलं.

"सराव केला मी," ती हळूच म्हणाली. "आधी नीट येत नव्हतं."

मी उठून बाहेरच्या बाकड्याशी गेले. नणंद तिथे बसली होती. बोलावलं नव्हतं, पण मागून चालत आली होती.

"कशी आहे?"

"श्वास घेतेय."

"मी तिला पंप सोड असं म्हटलं नाही," ती म्हणाली. "तुला काय वाटतं, मी म्हणेन?"

"मग पेटीत उडत आला?"

"तिने आणून दिला. म्हणाली, आत्या, हा पण फुस्स करतो ना. मी म्हटलं, करतो खरा. पण तुझ्या छातीसाठी आहे, तुला लागत असेल तर ठेव. तर म्हणाली, वर्षभर लागलाच नाही. मग मला वाटलं," ती थांबली, "मला वाटलं, बरीच झाली असेल. स्वच्छ राहणीने होतात मुलं बरी. मी वाचलंय."

"कुठे?"

"वाचलंय."

"ताई, ती पंपामुळे बरी होती. तुमच्या सालांमुळे नाही. निळा लागत नव्हता कारण ती रोजचा घेत होती. एक दिवस जिना उतरून मला विचारायचं. एक मजला आहे मध्ये."

"विचारलं," नणंद म्हणाली. तिने पदराआडून पर्स काढली आणि पर्समधून पान. भिंतीवरून काढून आणलं होतं, मागे गोंद वाळलेला. "पान मी तिच्याबरोबर खाली पाठवलं. म्हटलं, आईची सही आण, तिने हो म्हटलं तरच. तू सही केलीस. मला वाटलं तुम्ही डॉक्टरांना विचारलं असेल. सहीच्या आदल्या दिवशीच तर गेला होता तुम्ही."

मेणाचा डाग तसाच होता. माझी सही तिरकी, घाईची, शेवटचं अक्षर उडवलेलं. लॅबमध्ये माल पोचल्याच्या पावतीवर करते तशी.

"वाचलं नव्हतंस का?"

वाचलं होतं. वाचून हसले होते. सहा महिने मी या बाईच्या प्रत्येक शब्दाला हसत होते, आणि हसायचं म्हणून ऐकायचं सोडून दिलं होतं. त्यात माझी मुलगी माझ्यापुढे उभी राहून 'खरंच सोडू?' म्हणाली तेही गेलं. हे त्या बाकड्यासमोर उभं राहून तिला सांगणं माझ्याच्याने होईना. म्हणून मी वेगळंच बोलले.

"तुमचा पुढचा दात प्लॅस्टिकचा आहे."

मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला. इतकी वर्षं हे वाक्य मी जिभेखाली जपून ठेवलं होतं, गोड लागेल म्हणून. काही लागलं नाही. एक पन्नाशीची बाई दवाखान्याच्या बाकड्यावर तोंड झाकून बसलेली, आणि समोर मी.

"भाचीला सांग, बाहुलीचा पाय मी नीट करून ठेवते," ती हाताआडून म्हणाली आणि उठली. दाराशी वळून, "रक्षक वगैरे बंद करते मी," म्हणाली.

"काटासुद्धा," मी म्हटलं.

तिने ऐकलं की नाही कोण जाणे. पुढच्या शनिवारी तो टांगलेला असेल, पैज लावते. अशी माणसं एक चूक झाली की ती सोडून बाकी सगळं तसंच चालू ठेवतात. आणि मला बोलायला तोंड नाही, सही माझी.

आत गेले तेव्हा वाफ संपली होती. मुंगी उंच पलंगावर पाय हलवत बसली होती. गालांवर मास्कच्या खुणा, डोळे मोठे, नखं गुलाबी. नवरा तिच्या बुटांच्या नाड्या बांधत होता. एकदा बांधून झालेल्या पुन्हा बांधत होता. मी तिच्या केसांत नाक खुपसलं. औषधाचा वास, खालून तिचा.

"डॉक्टरबाई," तिने विचारलं, "पंपातलं आकाशाला लागतं का?"

"काही लागत नाही," मी घाईने म्हटलं. "आत्याला काही कळत नाही."

डॉक्टरबाई हात पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "थोडं लागतं," त्या म्हणाल्या. "त्यात औषध बाहेर ढकलायला एक गॅस असतो, तो हवेला चांगला नाही. तू मोठी झालीस की मी तुला पावडरचा पंप देईन. त्यात गॅस नसतो, पण तो जोरात ओढावा लागतो, आणि तुझ्या छातीत अजून तेवढी ओढ नाही. तोवर हाच. रोज दोन वेळा. तुझ्या वाट्याचं ते थोडं तू घ्यायचंसच, कळलं?"

"रोज?"

"रोज. आई समोर उभी राहील."

"दार उघडं ठेवून," नवरा नाडीकडे बघत म्हणाला.

डॉक्टरबाई पुढच्या मुलाकडे गेल्या. मी तिला कोट चढवला. एक हात बाहीत गेला, दुसरा तिने मध्येच थांबवला. ती मनात काहीतरी मांडत होती. तिचं मांडणं मला ओळखू येतं, ओठ बारीक हलतात, काट्यापुढे हलत होते तसेच.

"हात घाल," मी म्हटलं. "घरी जाऊ."

"तू म्हणालीस काही लागत नाही. त्या म्हणाल्या थोडं लागतं."

"हो. त्यांचं बरोबर."

"मग मी रोज घेतलं की तेवढं रोज जास्त होणार."

"थोडंसंच गं."

"हो, पण होणार ना." तिने दुसरा हात बाहीत सरकवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मग तेवढं कुणाचं कमी करायचं?"